लिस्बन : फूड वॉकला पैसे घालावेत का? (सोबत शाकाहारी आई)

सुगरणीचा_खोपा | ३ मे, ९:१२

मंडळी, ९ ते १२ जून लिस्बनला आहोत. मी, नवरा, चौदा वर्षांचा लेक आणि माझी आई. एक फूड आणि हिस्टरी वॉक सापडलाय. साडेतीन तास, मोरारीया आणि आसपासचा जुना भाग, सहा ठिकाणी थांबून खायचं, माणशी ७५ युरो. चौघांचे तीनशे, म्हणजे आपले तीसेक हजार.

नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात चार वेळा टेबलावर बसून नीट जेवू, इतिहास काय फोनवर वाचता येतो. पण रोमला आम्ही फोनवर वाचतच फिरलो होतो, आणि आज मला त्यातला एक खांब आठवेल तर शपथ.

आईचं सांगते. कांदा-लसूण चालतं. केकमधलं अंडं "दिसत नाही ना, मग चालेल." मासे-मटण अजिबात नाही. गुडघे बरे आहेत, पण पर्वती चढायची म्हटली की "तुम्ही जाऊन या" म्हणते.

कुणी असा वॉक केलाय का? पैसे वसूल होतात का?

भेळभत्ता | ३ मे, ९:२०

तीस हजारांत सहा घास? आमच्याकडे या, तुळशीबागेतून चालवत नेतो, दोनशेत पोट फुटेपर्यंत खायला घालतो आणि इतिहासही सांगतो. थोडा खोटा असेल.

पेठकर | ३ मे, ९:४१

नवऱ्याला अनुमोदन. आम्ही मागच्या वर्षी केला होता. गाइड पोरगा छान होता, पण अर्धा वेळ "आता फोटो काढा" चाललेलं. शेवटच्या थांब्यावर टिनातले मासे उघडून ब्रेडवर ठेवले. टिन तर मीही उघडतो.

सात_टेकड्या | ३ मे, ११:०५

लिस्बनमध्ये राहून सहावं वर्ष लागलं. नोकरी आयटीत, पण पाहुणे इतके येतात की जोडधंदा गाइडचाच आहे. म्हणून थोडं सविस्तर.

पेठकर, टिनाला हसू नका. इथे नुसत्या टिनबंद माशांची दुकानं आहेत. बायशा म्हणजे खालच्या बाजारपेठेतलं एक १९३० पासूनचं, लाकडी फळ्या छतापर्यंत, आणि डबा अजून कागदात गुंडाळून सुतळी बांधून देतात. पण आईंना त्याचा उपयोग नाही, म्हणून पुढे जातो.

मी पाहुण्यांना रोसीऊ चौकात सकाळी दहाला बोलावतो. तिथून दोन मिनिटांवर साओ दोमिंगूश नावाचा छोटा चौक आहे. कोपऱ्यात १८४० सालचं जिंजीन्याचं दुकान. दुकान म्हणजे आपल्या पानाच्या टपरीपेक्षा फार मोठं नाही. संगमरवरी काउंटर कायम चिकट. आंबट चेरी दारू-साखरेत मुरवून केलेलं गडद लाल पेय, दीड युरोच्या आसपास छोटा पेला. विचारतात, "कों एलश की सें एलश?" म्हणजे 'त्यांच्यासकट की त्यांच्याशिवाय'. 'त्या' म्हणजे पेल्यातल्या चेऱ्या. पेला घेऊन बाहेर उभं राहायचं, बी थुंकायची. सकाळी दहाला बँकेतले लोकही उभे असतात.

आता मुद्दा. तिथून वीस पावलांवर चर्च आहे. बाहेरून साधं, लोक पेला संपवून पुढे निघतात. आत गेलात की थबकता. १९५९ मध्ये आग लागली होती. छत नवं घातलं, पण खांब तसेच ठेवलेत. कपचे उडालेले, तडकलेले, भिंती गेरूच्या रंगाच्या. आणि याच चर्चमध्ये १५०६ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत, कुणीतरी म्हणालं की क्रूसावर दैवी प्रकाश दिसतोय. बळजबरीनं ख्रिस्ती केलेला एक ज्यू म्हणाला, अहो मेणबत्तीचा उजेड असेल. त्याला तिथल्या तिथे मारला. मग तीन दिवस कत्तल चालली, दोन हजारांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. बाहेर चौकात दगडी स्मारक आहे, त्यावर डेव्हिडचा तारा. त्याला टेकून लोक जिंजीन्या पीत असतात.

मी स्वतः पहिली दोन वर्षं तिथे फक्त जिंजीन्या पीत होतो. स्मारक दाखवलं ते एका वॉकवाल्या बाईनं, ऑफिसच्या सहलीत. तेव्हा पैसे वसूल झाले का, तर माझे त्या वीस पावलांत झाले.

सुगरणीचा_खोपा | ३ मे, ११:३०

बापरे. हे वाचून नवरा गप्प झालाय. धन्यवाद हो! पण आईनं खायचं काय?

तिरफळ | ३ मे, १२:१५

पोर्तुगालात शाकाहारी म्हणजे मालवणात एकादशी. करतात, पण चेहरा पाडून.

मला मात्र तिथल्या बाकल्याव प्रकरणाचं हसू येतं. खारवून वाळवलेला कॉड. यांच्या समुद्रात कॉड नाहीच, येतो नॉर्वे-बिर्वेकडून, आणि हा यांचा राष्ट्रीय मासा! वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ पाककृती आहेत म्हणतात. रुआ दु आर्सेनाल रस्त्यावर त्याची दुकानं आहेत. फळकुटासारखे उभे करून ठेवलेले मासे, करवतीनं कापून देतात. वासावरून मला आमच्या बाजारातल्या सुक्या बोंबलाची गल्ली आठवली, डोळे भरून आले. बायको म्हणाली ते वासानं आले. घरी नेऊन एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, मग शिजवायचा. एवढा उपद्व्याप करून खाणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे.

चौकस_चिंतू | ३ मे, १४:५०

वॉक घ्या, पण गाइडच्या गोष्टी मीठ लावून ऐका. मी ऐकलेल्या थापा :

एक. 'टी' हा इंग्रजी शब्द म्हणे पोर्तुगीज खोक्यांवरच्या 'सुगंधी वनस्पतींची वाहतूक' या अर्थाच्या तीन आद्याक्षरांवरून आला. साफ खोटं. तो शब्द चीनच्या फूच्येनकडच्या 'ते'वरून आला, डच व्यापाऱ्यांमार्फत. पोर्तुगीज स्वतः 'शा' म्हणतात, आपल्या चहाचा सख्खा भाऊ.

दोन. आल्यैरा नावाचं सॉसेज. डुकराचं मांस न खाणाऱ्या ज्यूंनी इन्क्विझिशनला (म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाला) चकवायला कोंबडी आणि पाव भरून ते बनवलं, अशी गोष्ट. आहे सुंदर. पण तिला समकालीन पुरावा काही नाही, आणि गाइड मात्र सन-तारखेसह सांगतो.

तीन. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कनं तिथे स्वतः हापूसची कलमं बांधली. हापूस हे नाव अफोन्सोवरून आलं इथपर्यंत ठीक. नेमक्या कोणत्या अफोन्सोवरून, यावर एकमत नाही. आणि लढाया करणारा माणूस कलमं बांधत बसेल का?

भेळभत्ता | ३ मे, १४:५८

चिंतूकाका, तुमच्याबरोबर वॉकला आलेला गाइड अजून नोकरीत आहे का?

वसईचा_पाव | ३ मे, १६:२०

थापा बाजूला ठेवा, शब्दांची गंमत खरी आहे. वसईत आमच्या घरात आजी बोलायची ते अर्धे शब्द लिस्बनच्या दुकानांत सापडले. पाव तर आहेच. बटाटा, काजू, अननस, पपई. चावी. लिलाव म्हणजे त्यांचा 'लैलांव'. बादली म्हणजे 'बाल्द'. पिंप म्हणजे 'पीपा', दारूचं पिंप. घमेलं म्हणजे 'गामेला'. परात 'प्रातु'वरून, तिकडे साधी ताटली. 'पगार' तिथे क्रियापद आहे, पैसे देणे. पगाराला ते दुसरंच काहीतरी म्हणतात. हॉटेलात मी "पगार" म्हणालो, वेटर लगेच बिल घेऊन आला.

आमच्याकडे नाताळला इंदेल होतं, व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. त्याचं मूळ 'व्हीन्या द आल्युश', वाइन आणि लसूण. मदैरा बेटावर ते अजून नाताळलाच करतात. तिथे मिरची नाही. आम्ही तिखट केलं, गोव्यानं तिखट केलं, आणि विलायतेत त्याचं विंदालू झाल्यावर लोकांनी त्यात आलू शोधले.

पेठकर | ३ मे, १६:३५

म्हणजे आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं सगळं अमेरिकेतून जहाजानं आलेलं. आणि कोबी उपासाला चालत नाही! धर्मशास्त्र कुणी लिहिलं राव?

मांडवीकाठ | ३ मे, १९:०२

हे सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा कडू.

मी म्हापशाचा. माझ्या वॉकवर गाइड हसून म्हणाला, "आम्ही जगाला पाव दिला, मिरची दिली, तुम्हा गोवेकरांना तर सगळंच दिलं." ग्रुपमधले लोक हसले. मी विचारलं, आणि इन्क्विझिशन? गोव्यात १५६० ला सुरू झालं आणि मधली चारेक वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. तो म्हणाला, हो, तेही. आणि पुढच्या थांब्याकडे निघाला.

आम्ही रोसीऊ चौकात उभे होतो. तिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, राणी दोना मारीया दुसरी हिच्या नावाचं. त्याच जागेवर पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. तो मला गाइडनं दाखवला नाही. मी त्याला दाखवला.

गार्सिया द ओर्ताचं उदाहरण घ्या. ज्यू घराण्यातला वैद्य, गोव्यात राहिला, मुंबई बेट भाड्यानं घेतलं होतं त्यानं. आपल्या औषधी वनस्पती आणि फळांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. आंब्यावर, फणसावर, जायफळावर पानंच्या पानं. १५६८ ला वारला. पुढल्या वर्षी बहिणीला जाळलं. १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. आज लिस्बनमध्ये नदीकाठी त्याच्या नावाची बाग आहे. फूड वॉकवर त्याच्यापेक्षा लायक माणूस नाही, पण त्याचं नाव कोणी काढत नाही. पाव द्या, पण बिलही दाखवा ना.

तिरफळ | ३ मे, १९:२०

एक नंबर. 'पाव द्या, पण बिलही दाखवा', दंडवत घ्या.

रसायनदादा | ३ मे, २०:११

पण चारशे वर्षांपूर्वीचं त्या पोराला कशाला विचारायचं? त्यानं थोडंच केलं. आपण काय प्रत्येक परदेशी पाहुण्याला शनिवारवाड्यावर नारायणरावाचा खून सांगतो का?

भेळभत्ता | ३ मे, २०:१३

सांगतो की. "काका मला वाचवा"शिवाय शनिवारवाडा दाखवलेला एक गाइड आणा.

मांडवीकाठ | ३ मे, २०:४०

रसायनदादा, त्याला दोष नाही. पण "आम्ही दिलं"मधला 'आम्ही' चालतो, तर "आम्ही जाळलं"मधलाही चालायला हवा. आणि चारशे कसले? आमच्याकडे ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. माझ्या वडिलांनी शाळेत पोर्तुगालच्या नद्या पाठ केल्यात, मांडवी नंतर शिकले.

गिरगावकर_शमा | ४ मे, ८:३०

आम्हा मुंबईकरांना विचारा, आम्ही तर हुंड्यात गेलो. १६६१ चा करार. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रगांझा इंग्लंडच्या राजाला दिली आणि सोबत मुंबई. राजाला बेटांचं काय करायचं कळेना, म्हणून १६६८ ला कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. आमच्या इमारतीतल्या पार्किंगच्या जागेचं महिन्याचं भाडं त्याहून जास्त आहे.

ती विधवा झाल्यावर लिस्बनला परतली आणि १७०५ ला तिथेच वारली. साओ व्हिसेंत चर्चमध्ये ब्रगांझांच्या दफनघरात आहे. मी मुद्दाम गेले होते. म्हटलं, बाई, तुझ्या हुंड्यात राहते मी, वन बीएचके.

सात_टेकड्या | ४ मे, १०:१५

मांडवीकाठ, मान्य. आणि म्हणूनच कोणता वॉक ते बघून घ्या. मोठ्या कंपन्यांचे पंधरा-वीस माणसांचे असतात, तिथे पाठ केलेलं बोलतात. लहान ग्रुप घ्या, सात-आठांचा. बुकिंगआधी एक प्रश्न मेल करा : साओ दोमिंगूशचं स्मारक दाखवता का? उत्तरावरून सगळं कळतं. 'फुकट, टिप द्या'वाल्यांतही चांगली मुलं आहेत, पण त्यांना बहुतेकदा माणशी कंपनीला पैसे भरावे लागतात. तेव्हा दोन युरो टेकवून पळू नका.

आता आईंचं जेवण.

"सें कार्न, सें पेइश" पाठ करा. मांस नको, मासे नको. दोन्ही म्हणायचं. नुसतं पहिलं म्हटलं तर ट्यूना येतो. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाट्याच्या रस्स्यात केसासारखी चिरलेली हिरवी पानं. त्यात सॉसेजची चकती टाकतात, म्हणून "सें शोरीसू". रस्सा कशाचा तेही विचारा. आसोर्दा विचारून बघा : शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, गरम पाणी आणि भरपूर कोथिंबीर. हो, कोथिंबीर! पश्चिम युरोपात एवढी कोथिंबीर खाणारे हेच. वरचं अंडं आणि बाकल्यावचं पाणी नको सांगा. आपल्या फोडणीच्या पावाची मावसबहीण आहे. एकदम पातळ मात्र.

बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. यावरून माझ्या काकांनी एका हॉटेलात केलेलं भाषण अख्ख्या गल्लीनं ऐकलंय.

पाश्तेल द नाता (कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट) खाताना अंड्याचा विचार करू नका, आत बहुतेक तेच आहे. मठांत अंड्याच्या पांढऱ्यानं कपडे कडक करायचे, मग उरलेल्या पिवळ्याची मिठाई, असं सांगतात. (चिंतूकाका, हे मीठ लावूनच.) १८३४ ला मठ बंद झाले आणि बेलेंयच्या मठाजवळ १८३७ ला दुकान निघालं, ते अजून चालू आहे. वर दालचिनी भुरभुरवायची. काही जुन्या मिठायांत चरबी असते, विचारून घ्या.

आणि १२ जूनला संध्याकाळी आईंना अल्फामा या जुन्या वस्तीत नेऊ नका. संत अँटनीची रात्र. दारोदार सार्डिन भाजतात. ढग असतो, ढग.

चौकस_चिंतू | ४ मे, १०:४०

मीठ लावलं. आता भूकंप राहिला.

सात_टेकड्या | ४ मे, १०:५५

तो कसा सुटेल. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या लावलेल्या. आधी भूकंप, मग त्सुनामी, मग आग. कार्मुच्या मठाचं छत पडलं ते आजही उघडंच आहे, कमानी आणि वर आभाळ. खालचा बायशा तेव्हाचा मंत्री पोंबाल यानं नव्यानं वसवला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालून, भूकंपात हलेल पण कोसळणार नाही असा. म्हणून तिथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आणि शेजारच्या मोरारीयात गल्लीतून दोन माणसं जाताना एकानं अंग चोरायचं.

सुगरणीचा_खोपा | ४ मे, १२:०२

मेल केली. एकीचं उत्तर आलं, "दाखवतेच, पण त्यानंतर लगेच खायला थांबत नाही, लोकांना जरा वेळ लागतो." बुक केलं. नवऱ्यानं एवढंच विचारलं, "रद्द करायची शेवटची तारीख कधी?"

भेळभत्ता | १७ जून, ७:०५

धागा वर काढतोय. खोपाताई, आलात का परत? तीस हजारांचं काय झालं?

सुगरणीचा_खोपा | २१ जून, २२:३०

आलो. जेटलॅगमधून लिहितेय, चूकभूल द्यावीघ्यावी.

वॉक ११ ला केला. आठ जण होतो. पहिलाच थांबा जिंजीन्या. मी वळून लेकाला "तुला नाही" म्हणतेय तोवर आईनं पेला घेतलेला. तिला वाटलं सरबत. एक घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाली, "करवंदाच्या मुरंब्याला खोकल्याचं औषध लागलंय." मी म्हटलं आई, दारू आहे. म्हणाली, "आता सांगतेस?" आणि उरलेली संपवली. लोक बिया चौकात थुंकत होते, तिला ते पटेना. तिनं दोन्ही बिया कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

चर्चमध्ये शिरलो. गाइड बाई बोललीच नाही, बाहेर थांबली. म्हणाली आधी बघून या. आई एका खांबाशी उभी राहिली, तडकलेल्या जागी हात लावला. मग बाहेर येऊन बाईनं १५०६ चं सांगितलं. मी जमेल तसं आईला मराठीत सांगत होते. मेणबत्तीचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "बोलला तो एकटाच होता?" मी बाईला विचारलं. ती म्हणाली, बोलला तो एकटा. त्यानंतर मोरारीयाच्या चढापर्यंत कुणी काही बोललं नाही.

मोरारीयात जरा मोकळं वाटलं. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजानं शहर जिंकल्यावर मुसलमानांना, म्हणजे मूर लोकांना, तटाबाहेर ही जागा दिली, म्हणून हे नाव. आज तिथे बांगलादेशी किराणा, चिनी कपड्यांची दुकानं, आणि काचेत चामुसा, म्हणजे आपला समोसा. आईसाठी बाईनं आधीच वाटाण्याचा सांगून ठेवलेला. आईनं अर्धा मोडून आतलं सारण तपासलं, मग मान डोलावली. चढावर तीन वेळा बसली, पण "तुम्ही जाऊन या" म्हणाली नाही.

मांडवीकाठ, ओर्ताबद्दल विचारलं. बाईला बाग माहीत होती, हाडांचं माहीत नव्हतं. वहीत लिहून घेतलं. वसईचा_पाव, परात-प्रातु सांगितल्यावर तिनं उलट एक दिला : 'कांजा', तांदूळ घातलेलं कोंबडीचं सूप, आजारी माणसाला देतात. आपल्याकडच्या कांजीवरून. आई म्हणाली, "कोंबडी कशाला घातली मग?"

आसोर्दा हॉटेलात मागवली. आईला चव आवडली, पण म्हणाली पाव एवढा भिजवायचा नसतो. १२ च्या संध्याकाळी तिला मुक्कामीच ठेवणार होतो. खिडकीतून धूर आत आला! तोंडाला पदर लावून खाली रस्त्यावर नाचणाऱ्या बायका बघत साडेअकरापर्यंत बसली.

पेठकर, तुमचा टिनवाला थांबा आमच्यातही होता. सुतळी बांधलेला डबा नवऱ्यानं विकत घेतला. उघडायचा जीव होत नाहीये, शोकेसमध्ये ठेवलाय.

पेठकर | २१ जून, २२:४१

एक्सपायरी बघा.

तिरफळ | २२ जून, ६:५०

त्या बियांचं काय झालं?

सुगरणीचा_खोपा | २२ जून, ७:१५

आईनं घरी आल्या आल्या कुंडीत पेरल्या. मी म्हटलं, दारूत मुरलेल्या आहेत, त्या कसल्या उगवतायत. काल तिनंच त्यावर धने टाकले.